फळ्याबाहेर गेलेली रेघ

मास्तर,

गावात सगळे तुम्हाला गुरुजी म्हणायचे. सातवीपर्यंत मीही म्हणायचे. त्यानंतर त्या शब्दाला माझी जीभ रेटली नाही. आता तर तुम्ही मेलेले आहात, तेव्हा मास्तरच म्हणते. राग आला तर या उठून. तुम्ही गेलात तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीनं निरोप धाडला होता, "तुझे गुरुजी गेले, दहाव्याला येतीस का?" मी उलट निरोप दिला, "हरभरा काढायचा हाय, सवड न्हाई." हरभरा कधीच निघून घरात येऊन पडला होता. आज एवढ्या वर्षांनी कागद घेऊन बसले ते तुमची याद आली म्हणून नाही. माझ्या नातीनं परवा एक हिसाब करून दाखवला, आणि तो तुमच्या तोंडावर मारावा तर तोंडच शिल्लक नाही. माणूस मेला म्हणून भांडण मरतं असं कुणी सांगितलं?

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. पाट्या नव्या, कचेऱ्या नव्या, सायेब नवे. पाऊस तेवढा आमचा रस्ता विसरला होता. आमच्या गावच्या विहिरींत दगड दिसायला लागले, आणि रेणापूरकडून टँकर यायचा, तो एक दिवसाआड, ते पण त्याच्या मर्जीनं. तो शाळेपाशी उभा राहायचा. वळणावर भोंगा वाजला की घराघरातून पोरी कळश्या घेऊन सुटायच्या, कारण ज्याची कळशी आधी टेकली त्याचा नंबर आधी, आणि शेवटच्या दहा-बारा कळश्यांना नुसता गाळ मिळायचा. घरापासून शाळेपर्यंत मी एका दमात जायचे. परकर वर खोचलेला, कळशी काखेत, पायात काही नाही. पोरांनापण हरवायचे. ते तुम्ही वर्गाच्या खिडकीतून बघितलंत. तुम्हाला तिथं पाण्यासाठी जीव टाकणारी पोरगी दिसली नाही, शर्यत दिसली. तिथंच पहिली चूक झाली. घर ते शाळा हे अंतर ते किती! तेवढ्यावर मला जनावरासारखं पारखलंत तुम्ही.

मग तुम्ही आमच्या घरी आलात. आई चुलीपाशी, मी परातीत पीठ काढून राहिले, तुम्ही उंबऱ्यात टेकलात. म्हणालात, नव्या जिल्ह्याचा पहिला संघ निवडायचाय. मुलींची तीन हजार मीटरची शर्यत आहे, लातूरला. बारा मिनिटांच्या आत जी येईल तिला तिथल्या वसतिगृहात जागा. दोन वेळचं जेवण, दहावीपर्यंत शाळा, सगळं सरकारचं. आईनं दहावीचं काही विचारलं नाही. तिनं एकच विचारलं, "तिथं पाणी हाय का?" तुम्ही म्हणालात, "नळ आहे, बाई." माझं नशीब तिथंच ठरलं असं मला वाटलं. मी त्या रात्री परातीतलं पीठ मळताना मनातल्या मनात लातूरला राहायला गेले.

पण आई हिशोबाची पक्की. म्हणाली, "पळवा पोरीला, माझं काय न्हाई. पण तीन फेऱ्यांच्या वर पळवू नका. पळाली की घटाघटा पाणी पिती. घरात सहा माणसं अन् घागरी दोन."

"अहो बाई, शर्यत पंधरा फेऱ्यांची आहे."

"मग पंधरा फेऱ्यांचं पाणी तुमच्या घरून आणा."

तुम्ही हसलात. तुमच्या घरीही नव्हतं, मला ठाऊक आहे. तुमची बायको माझ्यामागं नंबर लावायची. म्हणालात, "त्याची गरज नाही. तीन फेऱ्यांच्या वेळेवरून पंधरा फेऱ्यांची वेळ काढता येते. गणित असतं त्याला."

आईनं तव्यावरची भाकर उलटली. "पहिल्या तीन भाकरी मी बोलत बोलत थापते, गुरुजी. पंधराव्या भाकरीला माझी जीभ गप असती अन् खांदा बोलतो."

"भाकरी वेगळी, बाई. हे रेषीय आहे."

रेषीय. आईला तो एखादा आजार वाटला. शिकलेल्या माणसानं एक असा शब्द काढला की आमच्यासारख्यांचं तोंड बंद होतं, आणि तुम्हाला ते चांगलं माहीत होतं. जी बाई रोज तीन मैलांवरून दुसरी, तिसरी, चौथी खेप आणायची, तिला पहिल्या आणि चौथ्या खेपेतला फरक पायाला कळत होता. तिला तुम्ही विचारलं नाही. तिनं न विचारता सांगितलं, तर ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात तुम्ही दोरी लावून दोनशे मीटरची फेरी आखली, चुना टाकला. हातातल्या घड्याळाचा सेकंदाचा काटा बघत उभे राहिलात. एक फेरी पळाले, चाळीस सेकंद. दम खाल्ला, दोन फेऱ्या पळाले, पंच्याऐंशी. पुन्हा दम खाल्ला, तीन पळाले, एकशेतीस. हे आकडे मला माझ्या लेकरांच्या जन्मतारखांपेक्षा पक्के पाठ आहेत, कारण तुम्ही ते महिनाभर माझ्याकडून म्हणून घेतले, पाढ्यासारखे. "बघ," तुम्ही म्हणालात, "दर फेरीला पंचेचाळीस वाढतात. बरोबर पंचेचाळीस! एक सेकंद इकडं नाही, तिकडं नाही!" तुमचे डोळे असे चमकत होते, जणू मी नाही, तुम्हीच पळाला होतात.

मग फळा. सगळी शाळा जमवलीत. आडवी रेघ फेऱ्यांची, उभी रेघ सेकंदांची. तीन ठिपके दिले, आणि लाकडी पट्टी लावून तिन्हीतून एक रेघ ओढली. सरळ, सुताराच्या दोरीसारखी. ती वर वर गेली आणि आठव्या फेरीपाशी फळा संपला. पोरं हसली. तुम्ही थांबला नाहीत. खुर्चीवर चढून बाजूच्या चुन्याच्या भिंतीवर कोळशानं रेघ पुढं नेलीत, नववी, दहावी, बारावी, थेट पंधरावीपर्यंत, आणि तिथं मोठा ठिपका काढून लिहिलंत, अकरा मिनिटं दहा सेकंद. मास्तर, फळा संपला तिथं थांबायला पाहिजे होतं. पण नाही. संध्याकाळी गावातली माणसं भिंत बघायला आली. एक म्हातारा म्हणाला, "पोरगी आजून गेली न्हाई अन् गुरुजीनं येऊन पोचवली." त्याला तुम्ही अडाणी म्हणालात. तो म्हातारा बरोबर होता.

शर्यतीच्या आधी तुम्ही मला पांढरे कॅन्व्हासचे बूट आणून दिलेत. माझ्या आयुष्यातले पहिले बूट. ते मी रात्री उशाला घेऊन झोपले, हे कबूल करते, त्यात लाज कसली. लातूरच्या गाडीत तुम्ही सारखं तेच घोकत होतात, फेरीला पंचेचाळीस, फेरीला पंचेचाळीस. मैदानावर औशाच्या, निलंग्याच्या, उदगीरच्या पोरी आल्या होत्या. उदगीरच्या दोघी आपापसात कानडी बोलत होत्या आणि माझ्या परकराकडं बघून हसत होत्या. मांडव होता, सायेब होता, बँड होता. तुम्ही आत जाऊन कागदावर माझं नाव लिहून आलात आणि सायेबाच्या माणसाला ऐकवलंत, "आमची अकरा दहाला येणार."

बार उडतो. मी निघते. पहिली फेरी, तुम्ही चुन्याच्या रेघेपाशी उभे, ओरडता, "पंचेचाळीस! शाब्बास!" दुसरी, तिसरी, "पंचेचाळीस!" मी सगळ्यांच्या पुढं. कानडी पोरी मागं. पाचवीला मला कळतं की हे पाय मी आजवर जेवढं अंतर पळाले त्याच्या पलीकडं आलेत आणि त्यांना इथली वाट माहीत नाही. मला थोडं हळू व्हायचं असतं. तुम्ही ओरडता, "सत्तेचाळीस! काय करतेस! वाढव!" मी वाढवते. नवव्या फेरीत छातीत जाळ होतो, कुशीत सुरी फिरते. "त्रेपन्न!" तुमचा आवाज चिरका होतो. "अगं, पंचेचाळीस!" एक पोरगी पुढं गेली, मग दुसरी, मग मी मोजणं सोडलं. पंधरावी फेरी संपली तेव्हा सायेबाच्या माणसानं घड्याळ बघून सांगितलं, बारा मिनिटं वीस सेकंद. माझ्या पुढची पोरगी बारा मिनिटांना दोन सेकंद बाकी असताना पोचली होती. ती आईच्या गळ्यात पडून रडत होती, आनंदानं.

तुम्ही माझ्याजवळ आलात. मी मातीत बसलेली. मला वाटलं, विचाराल काय झालं. तुम्ही म्हणालात, सगळ्यांसमोर, त्या सायेबाच्या माणसासमोर, "अंगचोर! पळालीच नाहीस तू. गणित खोटं बोलत नाही. तू खोटं बोललीस." सत्तर सेकंदांचा फरक. तुमच्या डोक्यात एकदाही आलं नाही की रेघ चुकली असंल. पोरगी चुकते, रेघ कशी चुकंल? परतीच्या गाडीत बूट काढून मागितलेत. मी काढून दिले. आपल्या थांब्यावर उतरून गावापर्यंत मी अनवाणी आले आणि तुम्ही पुढं पुढं चाललात, हातात बूट धरून, एकदाही मागं न बघता.

एवढ्यावर थांबला असतात तरी मी विसरले असते. पण तुम्ही खडीच्या कामावर गेलात, माझा बाप जिथं दगड फोडत होता तिथं, आणि त्याला सांगितलंत, "पोरीच्या पायात जोर आहे पण नियत नाही. शाळेत ठेवून उपयोग नाही." बाप बिचारा तुम्हाला देवाच्या खालोखाल मानायचा. त्यानं हातोडा खाली ठेवला, हात जोडले आणि विचारलं, "मग काय करावं, गुरुजी?" तुम्ही खांदे उडवलेत. मला बहिणीनं सांगितलं, ती तिथंच पाट्या उचलत होती. मला वाटतं तुमचे ते खांदे मी बघितले नाहीत तेच बरं झालं. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं, देगलूरकडं, तीन नद्या ओलांडून.

आणि तुमचा तो शब्द माझ्याही आधी तिथं पोचला. मधल्या माणसानं सांगितलं असणार, पोरगी चांगली हाय, जरा अंगचोर हाय म्हणतेत गुरुजी. सासू अर्धी तेलुगू अर्धी मराठी. शिव्या तेलुगूत द्यायची, त्या समजायला मला दोन वर्षं लागली. पण "अंगचोर" तेवढं ती स्वच्छ मराठीत म्हणायची. मी कापूस वेचायला सगळ्यांच्या आधी जायचे आणि सगळ्यांच्या मागून यायचे. बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी रानात होते. जावा म्हणायच्या, "बस की जरा, कुणाला दाखवून राहिलीस?" मी कुणाला दाखवून राहिले होते ते मला माहीत होतं. तुम्हाला, मास्तर. तुम्ही शंभर मैल लांब, आणि मी भिंतीवरच्या त्या ठिपक्याकडं पळतच होते. लोक म्हणतात दुष्काळानं माझी शाळा गेली. दुष्काळ बिचारा दोन वर्षांत गेला. तुम्ही चाळीस वर्षं बसलात मानगुटीवर.

आता मी नांदेडला लेकाकडं असते, विष्णुपुरीच्या बाजूला. धरणात पाणी बघते आणि रोज सकाळी नातीबरोबर कालव्याच्या रस्त्यावर जाते. ती पोलीस भरतीची तयारी करते. तिला आठशे मीटर पळायचंय. माझं काम फोनवरचं घड्याळ दाबायचं. ती ओरडते, "आज्जी, दाब!" मी दाबते. एकदा उशिरा दाबलं तर म्हणाली, "तुझ्या अंगठ्यामुळं मी नापास होईन, म्हातारे." मी म्हणलं, "अंगठा तर कधीच मास्तराला देऊन बसले मी."

परवा तिनं चारशेची, सहाशेची आणि हजारची वेळ घेतली, वहीत ठिपके दिले आणि त्यातून रेघ ओढली. मी वही ओढून घेतली. "ही रेघ पुसून टाक."

"अगं आज्जी, काय झालं? आठशेचा अंदाज काढून राहिले मी."

"अंदाज चुकतो. मग तुलाच चोर म्हणतेत."

मग तिनं मला रस्त्याकडंला बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. मी तुमचे आकडे सांगितले. चाळीस, पंच्याऐंशी, एकशेतीस. तिनं वहीत मांडले आणि खो खो हसायला लागली. "आज्जी, तुझ्या गुरुजीच्या रेषेत शून्य फेऱ्यांना वेळ किती येते माहितीय? पंचेचाळीस गुणिले शून्य, वजा पाच. म्हणजे तू न पळताच पाच सेकंद आधी पोचलीस!"

मी हसले नाही. मी तिला परत सांगायला लावलं. फेऱ्यांना पंचेचाळीसनं गुणायचं आणि पाच वजा करायचे, ही तुमची रेघ. एक फेरी घाला, चाळीस येतात. पंधरा घाला, अकरा मिनिटं दहा. आणि शून्य घाला, तर बसल्या जागी माणूस जन्माच्या आधी उठून उभा. एवढं तरी बघायचं होतं, मास्तर. रेघेचं खालचं टोकच सांगत होतं की ही सगळीकडं चालत नाही, तुम्ही वरच्या टोकाला लोंबकळलात.

नात म्हणाली रेघ वाईट नसते. तिचे ठिपके चारशेचे आणि हजारचे, तिला काढायचे आठशे, ते दोन्हींच्या मधे पडतात, तिथं रेघ पुष्कळ खरं सांगते. पण सहाशेवरून तीन हजारावर उडी मारली तर नाही. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीहून थोडी जास्त होते, प्रत्येकाची, कितीही दांडगा गडी असला तरी. रेघ हळूहळू वर वाकते. मी म्हणलं, "पंधराव्या भाकरीला खांदा बोलतो." ती म्हणाली, "हां, तसंच!" आणि तिनं फोनवर काही दाबलं आणि सांगितलं, तुझी खरी वेळ अकरा मिनिटं छप्पन्नच्या आसपास आली असती. हा पण अंदाजच हाय आज्जी, पण बरा अंदाज. फेरीला अठ्ठेचाळीसच्या जरा आत.

अकरा छप्पन्न. बाराच्या आत, मास्तर. तुम्ही चुन्याच्या रेघेपाशी उभं राहून पंचेचाळीस पंचेचाळीस ओरडला नसतात, मला माझ्या पायानं पळू दिलं असतं, तर मी त्या रडणाऱ्या पोरीच्याही पुढं आत शिरले असते. वसतिगृह, दहावी, नळ. मी रस्त्यावर बसून राहिले. नात म्हणाली, "आज्जी, पाणी देऊ का?" मी नको म्हणलं.

तुमची लेक लातूरला असते, मास्तरीणच आहे म्हणतात, बहिणीला तिचा पत्ता माहीत आहे. हा कागद तिला धाडावा असं मी दोन दिवस घोळवलं. तिच्या बापानं काय केलं ते तिला कळू दे, तिच्या वर्गातल्या पोरींच्या तरी कामी येईल. पण धाडणार नाही. कारण ती पण गणित शिकलेली असणार आणि वजाबाकी करंल. अकरा दहा कुठं, अकरा छप्पन्न कुठं, त्यात तुमच्या रेघेची सेहेचाळीस सेकंद गेली. पण मी आले बारा वीसला. आणखी चोवीस उरतात. नातीनंही विचारलं होतं, "मग वरची चोवीस कुठं गेली, आज्जी?" मी म्हणलं, मास्तराच्या ओरडण्यात. थोडी त्यातही गेली असतील.

बाकीची सांगते, कुणी वाचणार नाही तर. तुम्ही मला मांडवामागं उभं करून नाव लिहायला आत गेलात. जाताना म्हणालात, ओठ ओले कर, गिळू नको. तिथं एक नळ होता. सायेब येणार म्हणून सोडलेला, आणि कुणी बंद केला नव्हता, पाणी मातीत वाहून चाललं होतं. मी ओंजळ लावली. मग दुसरी. मग मोजली नाही. पोट नगाऱ्यासारखं झालं, तरी पीत राहिले, तोंडावर घेतलं, डोक्यावर घेतलं. मागं वळून बघितलं तर मागं कुणीच नव्हतं. ना कळशी, ना नंबर, ना कुणाची सासू. मी आणखी प्याले. शर्यत मला ध्यानात होती, मास्तर. तरी प्याले.